कप्तानांच्या हातचा चहा

माझ्या सासऱ्यांना सगळे कप्तान म्हणतात. त्यांची बोट म्हणजे काही मोठी आगबोट नव्हे. या काठावरची माणसं, सायकली, भाजीच्या टोपल्या आणि कधीमधी एखादी हट्टी शेळी त्या काठाला नेऊन सोडणारी फेरीबोट. पण सुकाणूमागे ते असे उभे राहायचे की नवख्या माणसाला वाटावं, आता थेट समुद्रच ओलांडायचाय. पांढरा शर्ट, कडक इस्त्रीचा. मिशी कातरलेली. आवाज तर असा की भोंगा बिघडला तरी फेरी अडणार नाही, असं त्यांचा खलाशी म्हणायचा.

बोटीवर हुकूम सोडायची सवय त्यांच्याबरोबर घरी यायची. "चहा!" म्हणाले की चहा. "टॉवेल!" म्हणाले की टॉवेल. त्यात धाकदपटशा काही नव्हता. उलट सासूबाईंनीच ही सवय लावून ठेवली होती. स्वयंपाकघर हे त्यांचं राज्य आणि त्या राज्यात कप्तानांना मज्जाव. लग्नानंतर नव्याच्या नवलाईत ते एकदा कौतुकाने दूध तापवायला गेले होते म्हणे. दूध, पातेलं आणि खिडकीचा पडदा, तिन्ही एकदम कामातून गेली. तेव्हापासून सासूबाईंनी त्यांना स्वयंपाकघराच्या दारातून आत येऊ दिलं नाही. मी या घरात आले त्या दिवशीच मला साखरेचा डबा कुठे असतो ते कळलं. कप्तानांना ते उभ्या आयुष्यात ठाऊक नव्हतं.

अशा माणसाला पक्षाघाताचा झटका आला.

सकाळची फेरी होती. बोट धक्क्याला लागत होती आणि खलाशी दोर घेऊन पुढे उभा होता. बोटीची डावी बाजू धक्क्यावर घासायला लागली तसा तो ओरडला, "कप्तान, डावीकडे सांभाळा!" कप्तान मात्र काही घडतच नसल्यासारखे समोर बघत उभे. खलाशी धावत मागे गेला तर त्यांचा डावा हात सुकाणूवरून घसरून लोंबकळत होता आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. त्या माणसाने एका हाताने सुकाणू धरलं, दुसऱ्या हाताने कप्तानांना. बोट लावली, इंजिन बंद केलं आणि भाजीच्या टेम्पोत कोबीच्या पोत्यांवर आडवं करून त्यांना रुग्णालयात नेलं. वेळेत आणलं म्हणून निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. खलाशी पुढे कितीतरी दिवस सांगत होता, "जीव जायची वेळ, आणि वाटेत मला विचारतात काय, तर दोर नीट बांधलास ना रे?"

रुग्णालयात पाय बराच सुधारला. काठी घेऊन चालता यायला लागलं. डावा हात मात्र रुसलेलाच राहिला. बोटं जराशी हलत, पण त्यांत जोर नव्हता. घरी सोडताना डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती तेव्हा आम्हाला नीटशी उमगली नाही. "यांचे डोळे चांगले आहेत," ते म्हणाले, "पण मेंदू डावी बाजू हिशेबातच धरत नाही. डावीकडे काही आहे हेच ते विसरतील. लक्ष ठेवा."

आम्ही लक्ष ठेवलं. इतकं ठेवलं की विचारू नका. माझा नवरा त्यांना आंघोळ घालायचा. मी शर्टाची बटणं लावायची. सासूबाई तर घास भरवायच्या. उजवा हात ठणठणीत होता, तरीही. "सांडवतील हो," त्या म्हणायच्या, आणि कप्तानांनी हात उचलायच्या आत चमचा तोंडाशी हजर. उशी, पाणी, चष्मा, काठी, सगळं मनात यायच्या आत पुढ्यात. आणि कप्तान दिवसेंदिवस गप्प होत चालले. मला वाटायचं, आजाराने थकलेत. आता वाटतं, सगळं न मागता मिळत असेल तर माणसाने हुकूम तरी कशाचे सोडायचे?

एके दिवशी सूपचा चमचा तोंडाशी आला आणि त्यांनी तो फटक्यासरशी उडवला. भिंतीवर पिवळा ओघळ आला.

"मी काय तान्हं बाळ आहे?"

बोलणं जरासं जड होतं, पण शब्द स्पष्ट होते. सासूबाई आत गेल्या आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसल्या.

त्याच आठवड्यात एक बाई आल्या. रुग्णालयानेच पाठवल्या होत्या. कागदावर त्यांच्या कामाचं नाव होतं व्यवसायोपचार. माझ्या नवऱ्याने ते मोठ्याने वाचलं तसे कप्तान खुर्चीतून गुरगुरले, "माझ्या व्यवसायाला काय धाड भरलीय? त्याला कशाला उपचार?"

बाई खळखळून हसल्या. तिशीच्या, ठेंगण्या, पायांत कॅनव्हासचे बूट, खांद्याला एक भलीमोठी पिशवी. "काका, ते नाव ज्याने ठेवलंय तो मला सापडला तर मीच त्याला धरणार आहे. व्यवसाय म्हणजे नोकरीधंदा नव्हे. माणूस सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत जे जे करतो, ते सगळं. दात घासणं, कपडे घालणं, जेवण. ते पुन्हा स्वतःचं स्वतः करता यावं, एवढंच माझं काम."

"म्हणजे मालीश नाही का?" सासूबाईंनी विचारलं.

"मालीश नाही, काकू. औषधही नाही."

"मग करणार काय?"

"आधी तुमचं घर बघते."

आणि त्या खरंच घर बघायला निघाल्या. पलंगाची उंची मोजली. कप्तानांच्या खुर्चीत बसून उठून पाहिलं. न्हाणीघराच्या फरशीवर बूट घासून पाहिला. मग संडासात गेल्या, कमोडचं झाकण लावून त्यावर बसल्या आणि दोन्ही हात पसरून भिंत किती लांब आहे ते बघू लागल्या. सासूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "ही बाई आहे का गवंडी?"

परत येऊन बाई कप्तानांच्या समोर स्टूल घेऊन बसल्या. "काका, तुम्हाला काय करायचंय? सगळ्यांना काय वाटतं ते नको. तुम्हाला काय?"

"बोट चालवायचीय."

"ठीक. ते मनात ठेवू. पण त्याच्या अलीकडे? उद्या, परवा?"

 कप्तानांनी आमच्याकडे, म्हणजे मी, सासूबाई आणि माझा नवरा असे जे तिघं रांगेत उभे होतो त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवून म्हणाले, "संडासला एकट्याने जायचंय. दार लावून."

कुणी हसलं नाही. माझ्या नवऱ्याने खाली बघितलं. रोज तो त्यांच्याबरोबर आत उभा राहायचा.

"झालं तर मग," बाई म्हणाल्या. "तिथून सुरुवात."

दुसऱ्याच दिवशी सुताराकडून कमोडशेजारी, उजव्या हाताला, भिंतीत एक दांडी ठोकून घेतली. न्हाणीघरात प्लॅस्टिकचं स्टूल आलं आणि खाली रबरी चटई. पँटचं बटण काढून तिथे इलास्टिक घातलं. बाईंनी कप्तानांना बसायचं कसं, उठताना वजन कुठे टाकायचं, एका हाताने पँट आधी कुठल्या बाजूने वर ओढायची, हे पुन्हा पुन्हा करून घेतलं. कप्तान करवादायचे, घामाघूम व्हायचे, पण करायचे. आणि एका सकाळी त्यांनी आत जाऊन दाराची कडी लावली. बाहेर आम्ही तिघं दाराला कान लावून. आतून आवाज आला, "दाराशी कोण उभंय ते जा आधी तिथून!" किती महिन्यांनी तो जुना आवाज ऐकला! माझा नवरा हसत हसत अंगणात पळाला.

खरी अडचण कप्तानांची नव्हती, सासूबाईंची होती.

शर्ट घालायचा धडा चालला होता. बाईंनी सांगितलेलं सूत्र सोपं होतं: दुखरा हात आधी आत, आणि काढताना सगळ्यांत शेवटी बाहेर. कप्तानांनी शर्ट मांडीवर पसरला, उजव्या हाताने डावा हात उचलून बाहीत सारला. बाही कोपरात अडकली. ओढली, पुन्हा अडकली. सासूबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. त्यांचा हात आपोआप पुढे आला.

"काकू," बाई म्हणाल्या.

हात मागे गेला. बाही अजून अडकलेलीच. हात पुन्हा पुढे.

"काकू, असं करा, दोन्ही हात मांडीखाली घालून बसा बघू."

"अहो, पण त्यांना जमत नाहीये!"

"जमत नाहीये ते जमेपर्यंतच तर शिकणं असतं. तुम्ही मदत केलीत की त्यांचा हात म्हणतो, बरं झालं, माझं काम दुसऱ्याने केलं."

सासूबाई हात मांडीखाली घालून बसल्या. त्यांचा चेहरा असा झाला होता की शर्टात अडकलेल्या माणसापेक्षा मला त्यांचीच दया आली. बाही सुटली, खांद्यावर चढली, मग मागून फिरवून उजवा हात. बटणं लावायला एक छोटं साधन होतं, लाकडी मुठीला तारेचा फासा. तो काजातून घालायचा, बटण पकडायचं, ओढायचं. शर्ट पूर्ण झाला तेव्हा बटणं एक घर चुकली होती. सासूबाईंनी ते बघितलं, दातांखाली ओठ धरला आणि उठून सरळ स्वयंपाकघरात गेल्या. थोड्या वेळाने मी आत गेले तर त्या कणीक मळत होत्या. जेवणाला अजून अवकाश होता. "हाताला काहीतरी हवं गं," त्या म्हणाल्या. "नाहीतर मी जाऊन ती बटणं नीट करीन."

जेवणाचा घोळ याहून मजेदार होता. आता कप्तान आपल्या हाताने जेवायला लागले होते, पण रोज अर्धं ताट तसंच टाकायचे आणि वर कुरकुर, "मला भाजी का नाही वाढली?" भाजी ताटातच असायची, डाव्या बाजूला. सासूबाईंना आधी राग आला, मग वाईट वाटलं. त्यांना वाटलं, आपल्या हातची भाजीच आवडेनाशी झाली. दाढीचंही तसंच. उजवा गाल गुळगुळीत आणि डाव्या गालावर खुंट, आणि हे आरशात बघून समाधानाने मान डोलावणार! खलाशी भेटायला आला तेव्हा म्हणाला, "कप्तान, अर्धे पैसे दिलेत का न्हाव्याला?"

बाईंनी एका जेवणाला फक्त ताट फिरवलं. डावी बाजू उजवीकडे आली आणि कप्तान चकित होऊन म्हणाले, "अरे, भाजी आली की!"

आता आम्हाला डॉक्टरांचं बोलणं कळलं.

बाईंनी पिशवीतून लाल चिकटपट्टी काढली आणि जेवायच्या ट्रेच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत चिकटवली. "काका, जेवताना नजर डावीकडे न्यायची, ही लाल रेघ दिसेपर्यंत. ती दिसली की समजायचं, आता सगळं ताट दिसलं."

कप्तान त्या पट्टीकडे बघत राहिले. मग त्यांचे डोळे चमकले. "लाल? तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काय ते?"

"बोटीला डावीकडे लालच दिवा असतो, बाई! उजवीकडे हिरवा, डावीकडे लाल. जगातली कुठलीही बोट घ्या."

"मला नव्हतं हो माहीत," बाई म्हणाल्या. "आमच्यात लाल वापरतात, ठळक दिसतो म्हणून."

"मला काय शिकवता, मी जन्मभर डावीकडे लाल दिवा लावून हिंडलोय!" आणि त्यांनी मान वळवून, पट्टी सापडेपर्यंत नजर नेली आणि भाजीचा घास उचलला.

त्या दिवसापासून घरात लाल पट्ट्यांचं पीक आलं. आरशाच्या डाव्या कडेला लाल. दाराच्या डाव्या चौकटीला लाल, कारण त्यांचा खांदा तिथे रोज आपटायचा. वर्तमानपत्र वाचताना डाव्या समासावर लाल पट्टी चिकटवलेली फूटपट्टी. रस्ता ओलांडताना पट्टी कुठून आणणार? तिथे ते स्वतःच मोठ्याने म्हणायचे, "लाल दिवा!" आणि मान पूर्ण डावीकडे फिरवायचे. शेजारपाजारचे बघत राहायचे. बघेनात का.

मग एक दिवस बाई म्हणाल्या, "काका, आता चहा."

सासूबाई उठल्या. "ठेवते हं."

"तुम्ही नाही, काकू. काका करणार."

सासूबाई पुन्हा खाली बसल्या.

"कोण?" सासूबाई म्हणाल्या. "अहो बाई, या माणसाला दोन हात होते तेव्हा चहा येत नव्हता. आता एका हाताने करणार?"

"आजारपणाने जे गेलं तेवढं परत द्या," कप्तानही म्हणाले. "जे कधी नव्हतंच ते कशाला?"

बाई मुळीच हलल्या नाहीत. त्यांनी नीट समजावून सांगितलं. चहा करायचा म्हणजे उभं राहायचं, तोल सांभाळायचा, डावीकडे-उजवीकडे बघायचं, आधी काय मग काय ते लक्षात ठेवायचं, आणि डाव्या हातालाही काहीतरी काम द्यायचं. एवढे सगळे व्यायाम एका कपात. "आणि शिवाय," त्या म्हणाल्या, "दुपारी काकू घरात नसतील आणि तुम्हाला तल्लफ आली तर?"

"ती कुठे जातेय?" कप्तानांनी विचारलं.

या प्रश्नावर सासूबाईंनी त्यांच्याकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहिलं. 

आधी नुसतं पाणी ओतायचा सराव झाला, मग बिनगॅसचा, मग गॅस पेटवून. कप घसरू नये म्हणून खाली ओलं फडकं. पातेल्याऐवजी हलकं, लांब दांड्याचं भांडं. डाव्या हाताची बोटं कपाभोवती लावून ठेवायची. त्या हाताने उचलायचं नाही, नुसतं धरून ठेवायचं, कागदावर वजन ठेवतो तसं. साखरेच्या डब्याचं झाकण घट्ट होतं, ते बदलून सैल आणलं. "साखर कुठे?" हा प्रश्न त्या घरात कप्तानांनी पहिल्यांदा विचारला, तेव्हा सासूबाई दारात उभ्या होत्या. "वरच्या फळीवर," त्या म्हणाल्या, आणि मग अगदी हळू, "डावीकडे."

"लाल दिवा," कप्तान पुटपुटले आणि त्यांनी मान वळवली.

पहिला चहा झाला तो सासूबाईंच्या पुढ्यात ठेवला. बशीत निम्मा सांडलेला. रंग नदीच्या पाण्यासारखा. सासूबाईंनी एक घोट घेतला, थांबल्या.

"कसा आहे?" कप्तानांनी विचारलं. खलाशाने सांगितलं असतं की वादळातसुद्धा या माणसाचा आवाज इतका घाबरलेला ऐकला नाही.

"पाणचट आहे," सासूबाई म्हणाल्या. "साखर घालून नुसता गूळ करून ठेवलाय. आणि दूध उकळलंच नाहीये."

आणि त्यांनी कप पूर्ण संपवला. बशीत सांडलेलासुद्धा. मग पदर की रुमाल, जे हाती लागलं त्याने डोळे पुसत म्हणाल्या, "मला आजवर या घरात कुणी चहा करून दिला नव्हता हो." मी तोंड उघडलं तशी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू देतेस गं बाई. तुझं नाही म्हणत मी."

सगळंच असं गोड झालं नाही. थोड्या दिवसांनी खलाशी कप्तानांना बोटीवर घेऊन गेला. मीही होते बरोबर. ते सुकाणूशेजारी उभे राहिले, काठी टेकून. खलाशाने सुकाणू त्यांच्याकडे दिलं नाही, पण म्हणाला, "तुम्ही नजर ठेवा, मी फिरवतो." नदीच्या मध्यावर डावीकडून एक लहान मच्छीमार होडी आली. खलाशाने सुकाणू जरासं वळवलं, होडी मागे गेली, होडीवाल्याने हात केला. पलीकडच्या धक्क्याला लागेपर्यंत कप्तान वळून त्या होडीकडे बघत होते. मग म्हणाले, "मला दिसली ती. पण तू सुकाणू फिरवलंस त्यानंतर."

"सवय होईल, कप्तान."

"बोटीत लोकांची पोरंबाळं असतात रे. सवय व्हायची वाट बघत नाही कुणी." त्यांनी खलाशाच्या पाठीवर थाप मारली. "सुकाणू तूच ठेव आता. आणि धक्क्याला लावताना घाई करतोस, ती सोड."

घरी येऊन ते दोन दिवस खुर्चीतून हलले नाहीत. बाई आल्या, त्यांना कळलं. त्यांनी 'होईल हो सगळं ठीक' वगैरे काही म्हटलं नाही. "ते मोठं होतं, काका. ते गेलं," एवढंच म्हणाल्या आणि शेजारी बसून राहिल्या. त्या दिवशी धडा झाला नाही. त्या निघाल्या तेव्हा कप्तान त्यांना म्हणाले, "उद्या या. अंडं उकडायला शिकवा."

खलाशाला कुठून तरी हे कळलं. तो बोटीवरची एक जुनी फळी तासून घेऊन आला. त्यात बाईंनी सांगितल्याप्रमाणे खालून दोन स्वच्छ खिळे ठोकलेले होते, टोकं वर. बटाटा किंवा कांदा त्या खिळ्यांवर रोवला की हलत नाही. मग एका हाताने सोला, चिरा, काय हवं ते करा. पावाला लोणी लावायचं तर फळीच्या कोपऱ्यात दोन पट्ट्यांचा अडसर. कप्तानांनी त्यावर पहिला टोमॅटो चिरला तेव्हा फोडी कमी आणि रस जास्त निघाला. पण महिन्याभरात अंडी, भाजीचं सूप, बटाट्याची भाजी आणि भात, एवढं येऊ लागलं. भात मोजून पाणी घालत नाहीत ते. तांदळावर बोट टेकवून पाणी कुठवर आलं ते बघतात. नदीची खोली बघितल्यासारखं.

आता सासूबाईंच्या बहिणीचं. ती पलीकडच्या गावात राहते. दर वर्षी बोलावते आणि दर वर्षी सासूबाईंचं एकच उत्तर, "मी आले तर यांच्या जेवणाचं काय?" या खेपेला फोन आला तेव्हा कप्तान शेजारीच बसले होते.

"जा की," ते म्हणाले.

"काय?"

"जा म्हटलं. आठवडाभर राहून ये."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी लगेच म्हटलं, "आई, मी आहे ना."

"तिची गरज नाही," कप्तान म्हणाले. "ती आपल्या कामावर जाईल. मी बघतो."

त्या दिवशी घरात चांगलंच वाजलं. सासूबाईंचं म्हणणं, मी गेले आणि तुम्ही पडलात तर? गॅस चालू राहिला तर? कप्तानांचं म्हणणं, मग मला सगळं शिकवलं कशाला, शोभेला? शेवटी बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "काकू, जा. काका पडणारच नाहीत असं नाही सांगत. पण पडले तर उठायचं कसं ते त्यांना शिकवलंय. आणि तुम्हाला किती दिवसांत पुरती झोप मिळालेली नाही, ते मागच्या खेपेला तुमच्या डोळ्यांखाली दिसलंय मला."

सासूबाई गेल्या. पोचायच्या आत वाटेतूनच फोन. पोचल्यावर फोन. जेवायच्या वेळी फोन.

"जेवलात का?"

"जेवलो."

"काय?"

"भात आणि बटाटा. माझ्याच हातचं."

"मीठ?"

"घातलं."

"किती?"

"अगं, मीठ किती घातलं ते फोनवर कसं चाखवू?"

दुसऱ्या दिवशी दूध उतू गेलं. मी कामावरून आले तर कप्तान जमिनीवर स्टूल टाकून, एका हाताने फडकं फिरवत बसलेले. मी पुढे झाले तशी त्यांनी काठी आडवी धरली. "खबरदार. आणि तिला सांगशील तर बघ." मी बाहेर येऊन बसले. त्यांनी फरशी पुसली, फडकं पिळलं. पिळायला एक हात पुरत नाही, म्हणून ते नळाला गुंडाळून पीळ द्यायचा. हे त्यांचं त्यांनीच शोधलं होतं.

चौथ्या दिवसानंतर फोन कमी झाले. पाचव्या दिवशी आलाच नाही. कप्तान संध्याकाळी फोनशेजारीच घुटमळत होते. शेवटी त्यांनीच लावला. पलीकडून बायकांच्या हसण्याचा गलका.

"अहो, मी म्हणत होते," सासूबाई म्हणाल्या, "अजून चार दिवस राहते. ही सोडतच नाहीये. तुमचं चाललंय ना?"

कप्तानांचा चेहरा पडला. पण आवाज कडक. "चाललंय की. मस्त चाललंय. राहा, राहा." फोन ठेवून माझ्याकडे बघत म्हणाले, "तिचं तिकडे फारच बरं चाललेलं दिसतंय."

"बाबा, तुम्हीच म्हणालात ना, जा म्हणून?"

"म्हणालो. आठवड्यासाठी!"

चार दिवसांनी सासूबाई परतल्या. रंग उजळलेला, अंगावर जरा मांस आलेलं. दारातच त्यांनी कप्तानांना आपादमस्तक न्याहाळलं. शर्टाची बटणं बरोबर, दाढी दोन्ही गालांवर. "बरे आहात," त्या म्हणाल्या. त्यात आनंद किती आणि खट्टूपणा किती, ते मला सांगता येणार नाही. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या.

"हे काय केलंत!"

कप्तानांनी स्वयंपाकघर बदलून टाकलं होतं. साखर, चहा, मीठ, तांदूळ, सगळं वरच्या फळीवरून खाली, कमरेच्या उंचीला, उजव्या बाजूला. जड पातेली बाद. घट्ट झाकणांचे डबे एका खोक्यात भरून पलंगाखाली. "बोटीवर प्रत्येक वस्तू हाताशी असते," ते म्हणाले. "तुझ्या स्वयंपाकघरात माणूस चहाला निघाला की त्याची सफरच होते."

"माझी सासू गेल्यापासून ते डबे त्या फळीवर आहेत!"

"म्हणूनच तर तुझा खांदा दुखतो."

तीन दिवस भांडण. सासूबाई डबे वर ठेवायच्या, कप्तान खाली आणायचे. मीठ कुठे आहे हे त्या दिवसांत कुणालाच सांगता येत नव्हतं. जेवण अळणी तरी व्हायचं नाहीतर खारट तरी. बाई शेवटच्या भेटीला आल्या तेव्हा दोघांनी एकमेकांची तक्रार त्यांच्यापुढे मांडली. बाई डोक्याला हात लावून म्हणाल्या, "मी शर्ट घालायला शिकवते हो, फाळणी करायला नाही." पण मग त्यांनीच तोडगा काढला. खालच्या दोन फळ्या कप्तानांच्या, बाकी राज्य काकूंचं, आणि मीठ दोघांना एकेक. सासूबाईंनी मान्य केलं. आठवडाभराने मी बघते तर त्यांनी आपला मिठाचा डबाही गुपचूप खालीच आणून ठेवलेला. खांदा दुखतो, म्हणाल्या.

बाई आता येत नाहीत. त्यांच्या यादीत दुसरी घरं आहेत. कप्तानांचा डावा हात अजून पूर्ण उघडत नाही, आणि दमले की त्यांची डावी चप्पल पायातून निसटलेली त्यांना कळत नाही. पण सकाळचा पहिला चहा त्यांचा असतो, आणि तो आता कडक होतो, दूध उकळलेला. रोज दुपारी ते एकटेच धक्क्यापर्यंत चालत जातात, बाकावर बसून प्रत्येक बोट धक्क्याला कशी लागली यावर खलाशाला ऐकवतात आणि परत येतात. सासूबाई दर दोन महिन्यांनी बहिणीकडे जातात, आता विचारतसुद्धा नाहीत, नुसतं सांगतात.

या सगळ्यात एक माणूस मात्र नाहक सापडला. परवा माझा नवरा कामावरून येऊन खुर्चीत बसला आणि सवयीने म्हणाला, "चहा मिळेल का?"

सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "तुला हात किती आहेत रे?"

"दोन. का?"

"तुझ्या बाबांना एकाच हाताने येतो चहा."

मी हसू दाबत पुस्तकात तोंड घातलं. नवऱ्याने मदतीच्या आशेने कप्तानांकडे पाहिलं. कप्तानांनी काठी उचलली, उठले, स्वयंपाकघराकडे निघाले आणि दारातून वळून म्हणाले, "चल, ऊठ. आधी साखर कुठे असते ते दाखवतो तुला."